फळ्यावरचं अर्धं वाक्य

बालाघाट, शुक्रवार, दुपारचे दोन

आदरणीय बाईस (म्हणजे तुळसाबाईस, पाकिटावर पूर्ण नाव घातलंय, नाहीतर पोस्टमन राजेगावातल्या कुठल्याही बाईला देऊन मोकळा व्हायचा),

धाकट्या भावाचा, टिकारामचा, दोन्ही हात जोडून सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? विवेकनं गोंदियाहून आणलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसती बघतेस? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही. फोनच केला असता, पण गेली दोन वर्षं मी सकाळी करो, दुपारी करो, दिवे लागल्यावर करो, तुझा विवेक एकच सांगतो, मामा, आई झोपली आहे. इतकं आपल्या खानदानात कोणी झोपलेलं नाही, बाई. तू रागावली आहेस हे मला कळतं, कारणही कळतं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुला बस स्टँडवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो. तू अकरापासून चारपर्यंत मांडीवर कोहळं घेऊन बाकड्यावर बसलीस (आईले कोहळ्याचे तळलेले गोड बोंड आवडत म्हणून आणलं होतंस) आणि परतीच्या बसनं निघून गेलीस. घरात चाळीस पानं उठली, आणि आईची सगळ्यात मोठी लेकच आली नाही, हे माझ्यासकट एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्याबद्दल मी नंतर पाच वेळा माफी मागितली, पण पाचही वेळा तू झोपलेली होतीस.

तरी आज लिहितो आहे, कारण गोष्ट आता रागालोभाच्या पलीकडे गेली आहे आणि तुझ्या जिवाशी आली आहे. घाबरू नको. (लिहितानाच मला घाम फुटून राहिला आहे, पण तू घाबरू नको.) सविस्तर सांगतो. लिहिताना माझ्या हातून शाळेची मराठी येते, ती तू वाचताना आपली करून घे.

तुला माहीत आहे, वर्षावासाचे तीन महिने आमच्या वॉर्डातल्या विहारात दर रविवारी वाचन असतं. यंदा मंडळानं ठरवलं की टिकाराम गुरुजींनी दर आठवड्याला एक शब्द फळ्यावर लिहायचा, अर्थ सांगायचा आणि वाक्यात उपयोग करून दाखवायचा. आता पंचशील आपण रोज म्हणतो, पण त्यातल्या पाचव्या शीलात 'पमाद' असा एक शब्द येतो, त्याचा अर्थ मी विचारला तर सगळा विहार एका आवाजात म्हणाला, दारू. मी कपाळाला हात लावला. दारू हे निमित्त आहे, पमाद म्हणजे तिच्यापायी होणारा गाफीलपणा. भान सुटणं, सावध नसणं, समोरचं दिसत असून न दिसणं. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, त्याले सुदच नाही, तेच ते. मग एकानं विचारलं (हा बाबूलाल, ऑटो चालवतो, प्रश्न मात्र वकिलासारखे विचारतो) की मग विसरणं आणि गाफील असणं यात फरक काय? मी म्हटलं, फार फरक आहे. विसरलेल्या माणसाला निदान इतकं तरी कळतं की आपण काहीतरी विसरलो. गाफील माणसाला तेही कळत नाही, तो आपला मजेत असतो. हे उत्तर मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे चूक माझी झाली, आणि ती चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूसच करू शकतो. वर्गात पोरं पेंगू लागली की मी त्यांचीच नावं वाक्यात घालायचो, त्यानं पोरगं ताडकन सरळ बसतं. ती सवय हाताला आहे. पहिल्याच रांगेत वसंता डुलक्या देत होता (आमच्या गल्लीच्या टोकाला गोठा आहे तो), म्हणून मी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'वसंता गाफील राहिला आणि त्याची म्हैस वैनगंगेपार गेली.' मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. वसंता माझ्याकडे टकामका पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाला गेलो तर म्हैस ओलीचिंब (आता न्हाऊ घातली म्हणे), आणि वसंता म्हणतो, हौ ना गुरुजी, गेलती पार, पोहून गेलती, लय तरास झाला. मी विचारलं, केव्हा? तो म्हणाला, "आता किती खेप सांगू जी?" आणि दूध मोजू लागला. त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली.

मी म्हटलं, योगायोग. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत, भूतबित काही मानत नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम, विज्ञानाचा प्रयोग म्हणून, दुसरं वाक्य लिहिलं, 'बाबूलाल गाफील राहिला आणि सवारी मागे बसलेली असतानाच ऑटो घेऊन घरी जेवायला गेला.' बाई, तुला काय सांगू! सोमवारी चहाच्या टपरीवर हीच गोष्ट लोक सांगत होते. कोसमीची कोणी बाई होती, तिला वाटलं हाच रस्ता असेल, ती बाबूलालच्या अंगणात उतरली, त्याच्या बायकोनं तिला चहा पाजला, दोघींचं माहेर एक निघालं. तिसऱ्या रविवारी मी शांताबाईवर लिहिलं (विहार झाडते, किल्ली तिच्याकडे असते), की ती गाफील राहिली आणि किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप दाबलं. आणि पाहतो तर काय, विहाराचं कुलूप फोडलेलं! तेव्हापासून दार सुतळीनं बांधून ठेवतात. त्या दिवशी सगळा विहार चिडीचूप होता. अध्यक्ष उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, गुरुजी, आता काही दिवस आराम करा. मी समजलो. लोकांना आता फळ्याची धास्ती वाटते. वाचनाला येणारी नूतन तर मला बाजूला घेऊन म्हणाली, की काका, माझं नाव नका लिहू, माझी परीक्षा आहे. आणि लगेच म्हणाली, लिहिलंच तर पास झाली असं लिहा. अशी माणसाची जात.

चौथ्या रविवारी मी खडूला हात लावला नाही. पण बाई, आपण थांबलो म्हणून ते थांबत नसतं.

मंगळवारी पेन्शनच्या कामासाठी बँकेत निघालो होतो. ऊन चांगलं लखलखीत, बारा वाजून गेलेले. विहाराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. काठाचं लुगडं, मांडीवर काहीतरी झाकलेलं. मी चाललो तशी तिची नजर माझ्याबरोबर चालली. मी शिष्टाचार म्हणून हात जोडून जयभीम केला. तिनं ना हात जोडले, ना तोंड उघडलं, नुसती पाहत राहिली. अशी नजर मी जन्मात पाहिली नाही. मी पावलं उचलली. दोन वाजता परत आलो तर ती तिथंच, त्याच पायरीवर, जशीच्या तशी. मी पुन्हा जयभीम केला (न करून सांगता कोणाला?), आणि या वेळी तिचे ओठ हलले, पण तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, काही ऐकू आलं नाही. मी मानत नाही, तरी तिच्या पायांकडे पाहून घेतलं. सरळ होते. घरी येऊन पडलो. संध्याकाळी दार उघडतो तर उंबऱ्यावर एक भलंमोठं कोहळं, देठाजवळ चुन्याचं बोट ओढलेलं!

संघमित्रा कॉलेजातून आली (नात आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्याकडेच राहते), ती म्हणाली, आजोबा, कोणीतरी दिलं असेल, भाजी करू. मी म्हटलं, खबरदार. कोण देतं हल्ली न बोलता कोहळं? आणि चुन्याचं बोट कशाला? ती म्हणाली, वेलावर नजर लागू नये म्हणून लावतात, तुम्हीच तर सांगितलं होतं. मी असं काही सांगितल्याचं मला स्मरत नाही. मी करणी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. फक्त खबरदारी म्हणून बुधवारी पहाटे ते गमछ्यात गुंडाळून बाबूलालच्या ऑटोनं घाटावर नेलं आणि वैनगंगेत सोडलं. ते बुडालं नाही. कोहळं तरंगतं हे मी स्वतः चौथीच्या वर्गाला शिकवलं आहे, तरी ते डुलत डुलत काठाशीच घुटमळायला लागलं तेव्हा मी दोन पायऱ्या मागे सरलो. बाबूलाल म्हणाला, गुरुजी, वापस येऊन राह्यलं, घेऊन जा. मी त्याच्याशी घरापर्यंत बोललो नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. त्याच बुधवारी दुपारी, वाचनाचा माझा चष्मा विहारात राहिला होता म्हणून गेलो. सुतळी सोडली, आत गेलो. कोणी नाही. पंखा बंद, खिडकीतून ऊन येऊन सतरंजीवर पडलेलं, आणि सगळं इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा. फळ्यावर एक वाक्य होतं. मी लिहिलेलं नव्हतं. मी रविवारी स्वतःच्या हातानं फळा पुसला होता, ओल्या फडक्यानं. लिहिलं होतं,

'टिकाराम गाफील राहिला आणि त्याची बहीण'

एवढंच. पुढे काही नाही. पूर्णविराम नाही. (चाळीस वर्षं मी पूर्णविरामाचा अर्धा गुण कापला आहे, पण पूर्णविराम नसण्याची भीती मला त्या दिवशी कळली.) 'बहीण' मधल्या 'ण'ची काठी लांब खाली घसरलेली होती, आणि खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले होते. आणि बाई, तो 'ण'! पायाला आकडी मारलेला 'ण' बाबा काढायचे. बाबांनी तुला शिकवला, तू मला पाटीवर हात धरून गिरवून घेतला. जगात तसा 'ण' काढणारी तीनच माणसं झाली. बाबा तर गेले. तू राजेगावात झोपलेली असतेस. उरलो मी, आणि मी लिहिलेलं नाही. हे गणित मी तीन दिवस मांडतो आहे, दर वेळी उत्तर एकच येतं, आणि ते उत्तर मला नको आहे.

तेव्हापासून माझं जेवण गेलं. आजवर फळ्यावर जे जे चढलं ते घडलं आहे. म्हैस गेली, सवारी गेली, कुलूप गेलं. मग 'त्याची बहीण' याच्या पुढे काय? पडली? हरवली? त्याच्या पुढचं माझ्यानं लिहवत नाही. फळ्यावर मी चादर टाकली आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन वाक्य पुढे सरकलं का ते पाहून येतो. आज सकाळपर्यंत तरी ते 'बहीण'वरच थांबलेलं आहे. पुसायला हात उचलतो, तर वाटतं, पुसलं आणि त्यासोबत तूच पुसली गेलीस तर? तुझ्याशिवाय मला आता मोठं असं कोण आहे? संघमित्रा माझ्याकडे काळजीनं पाहते. सध्या माझ्या सदऱ्याच्या खिशात घरचा पत्ता आणि तिचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी सापडते, रोज नवी. कॉलेजची काही योजना असावी.

तर विनंती अशी, की बाबांची जुनी शाळेची वही तुझ्या पेटीत आहे. ती विवेकच्या हाती पाठव, मला अक्षर ताडून पाहायचं आहे. आणि तोवर तू घराबाहेर पडू नको, विहिरीजवळ जाऊ नको, बसमध्ये बसू नको. झोपून राहा. दोन वर्षं झोपतेच आहेस, आणखी आठ दिवस झोप.

विवेकला आणि सूनबाईला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
टिकाराम

ता. क. पाकीट चिकटवून पोस्टात निघालो होतो, ते फाडून पुन्हा लिहितो आहे. विहारासमोर शांताबाई भेटली. तिला विचारलं, मंगळवारी पायरीवर बसली होती ती म्हातारी तुले दिसली का? तिनं झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "काहून असं पुसता गुरुजी? तुमची बहीण होती ना जी ते. राजेगावची. स्टँडावर वाट पाह्यली म्हणे, मग पायीच आली. मी म्हटलं घरी जा, तर म्हणे, तो बोलावल तवाच जाईन. तुम्ही दोन खेपा समोरून गेले. दुसऱ्या खेपेले तिनं टिक्या म्हणून हाक मारली. तुम्ही जयभीम करून निंगून गेले." मग म्हणे ती थोडा वेळ आत जाऊन बसली, शांताबाईकडून माझ्या फळ्यावरच्या वाक्यांची गोष्ट ऐकली आणि तसंच काही फळ्यावर लिहू लागली, लिहिता लिहिता डोळ्याला पदर लावला, खडू पडला. चारच्या बसची वेळ झाली म्हणून उठली, जाताना कोहळं उंबऱ्यावर ठेवून गेली. मी शांताबाईला म्हटलं, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ती म्हणाली, हौ जी, असंल. मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं आहे, आणि शांताबाईनंच तेव्हा घरी डबा आणून दिला होता.

ता. क. दुसरा. संघमित्राला विचारलं. तिनं माझ्या फोनमधून काढून दाखवलं, सोमवारी संध्याकाळी विवेकचा फोन आला होता. मी चार मिनिटं बोललो आहे. काय बोललो ती चारही मिनिटं माझ्याकडे नाहीत, बाई. तिनं विवेकला विचारून घेतलं. तो म्हणाला, आई उद्या येते हे ऐकून मी आनंदानं ओरडलो म्हणे, बाई येऊन राह्यली, मी आठ वाजल्यापासून स्टँडवर बसतो. आणि म्हशीचंही विचारलं मी तिला. तिनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, आजोबा, म्हैस शनिवारी गेली होती. तुम्हीच मला शनिवारी हसत हसत सांगितलं, वाक्य तुम्ही रविवारी लिहिलं. ऑटोचं पण तसंच, कुलुपाचं पण तसंच. म्हणजे फळ्यावर पुढचं काही येत नव्हतं, झालेलंच येत होतं, फक्त ते झालंय हे माझ्याकडे नव्हतं. आणि विहारात लोक फळ्याला भीत नव्हते. त्यांनी आपसात ठरवलं होतं की गुरुजींना कोणी टोकायचं नाही. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला मी मानत नाही म्हणून टाळता आलं असतं.

ता. क. शेवटचा, आणि खरं मागणं हेच. वही नको पाठवू. बाई, तू ये. मले भेव लागून राह्यलं. आज तुले नाही ओळखलं, उद्या कोणाले नाही ओळखीन, काय माहीत. वाक्य मी पुसलं नाही, पुसू देणार नाही, तू येऊन आपल्या हातानं पुरं कर, जे लिहायचं ते लिही, मी खाली बसून वाचीन. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी अकराच्या गाडीनं येजो. संघमित्रा मले घेऊन आठ वाजताच स्टँडावर येते, बाकड्यावर बसवते. कोहळं दुसरं आणजो (पहिल्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे, आता खोडत नाही). गाडीतून उतरली का मी हात जोडून जयभीम केला, तर तेवढ्यावर वापस नको जाऊ. जवळ येजो, आणि लहानपणी पाटीवर धरत होती तसा माह्या हात धरजो. मी तुले नाही ओळखलं, तर तू मले ओळखजो.